मासे खेळतात काय?

सोलापूरहून तुळजापूरकडे जाताना हिप्परगे येथे एकरूख तलाव लागतो. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी भल्या पहाटे काही विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे पक्षी पाहण्यास गेलो होतो. चिंचोळी एमआयडीसीतून आलेला दहावीतील एक मुलगा मात्र पक्षी सोडून पाण्याकडेच पाहत बसला. काठाजवळ एक मासा उसळी घेई, सपकन पाण्यावर आडवा पडे आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येई.

"सर, हा मासा खेळतोय का?" त्याने विचारले.

"छे! रात्रीतून पाण्यातला प्राणवायू कमी झाला असेल," असे म्हणून मी मोकळा झालो.

"पण सर, तो तुम्ही मोजला का?"

मित्रहो, मी निरुत्तर झालो. पाणवनस्पती रात्री प्राणवायू तयार करीत नाहीत, म्हणून पहाटे तो कमी असतो, हे खरे. पण अशा वेळी मासे बहुधा पृष्ठभागाशी येऊन तोंडाने पाणी ओढतात. उसळीमागे कीटक पकडणे, शत्रूपासून पळणे, अंगावरचे परजीवी झटकणे अशीही कारणे असू शकतात. त्याचा 'खेळ' हा जसा तर्क, तसेच माझे उत्तरही तर्कच!

मग खेळ ओळखावा कसा? अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाचे गॉर्डन बर्गहार्ट यांनी २००५ मध्ये पाच कसोट्या मांडल्या. त्या कृतीचा जगण्यासाठी तत्काळ उपयोग नसावा; ती आपखुशीने केलेली असावी; नेहमीच्या गंभीर वर्तनाहून तिचे रूप निराळे असावे; ती वारंवार, पण यंत्रासारखी एकाच साच्यात न घडावी; आणि प्राणी निरोगी, निर्धास्त असावा. पाचही कसोट्या उतरल्या, तरच तो खेळ.

त्यांनी व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले एक निरीक्षण मोठे गमतीदार आहे. काचेच्या टाकीत बुडाला जड असलेला एक तापमापक उभा तरंगत होता. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात आढळणाऱ्या एका जातीचे तीन नर त्याला पुनःपुन्हा धडका देत. गुरुत्वमध्य खाली असल्याने, पाडली तरी उभी राहणाऱ्या बाहुलीप्रमाणे तापमापक लगेच सरळ होई. की मासा पुन्हा धडक देई! जवळ अन्न वा दुसरा मासा असो वा नसो, फरक पडत नसे. शिवाय प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आपल्या उजनी जलाशयात मुबलक सापडणारी चिलापीही याच कुळातली.

टाकीत मासा ओळखता येतो; गढूळ तलावात ते अवघड. मघाशी मी 'एक मासा' असे लिहिले, पण प्रत्येक वेळी तोच मासा उसळला हे मला तरी कोठे ठाऊक होते?

तुम्हीही हे करून पाहा. शिक्षकांसह तलावाच्या काठावर, पाण्यात न उतरता, पहाटे, दुपारी व सायंकाळी दहा-दहा मिनिटे उसळ्या मोजा. कीटक, पक्षी, वारा यांची नोंद ठेवा. दिवस चढला तरी उसळ्या कमी झाल्या नाहीत, तर माझा प्राणवायूचा तर्क लंगडा पडेल. तरीही खेळ सिद्ध झाला असे मात्र होणार नाही.

त्या मुलाने आपल्या वहीत लिहिले : "कारण : अजून ठरले नाही." त्या दिवशीची सर्वांत अचूक नोंद तीच होती.