कसोटी

सराफाच्या पेढीवर काळा, गुळगुळीत असा एक लहानसा दगड असतो. त्यास कसोटी म्हणतात. कोणी दागिना आणला, तर सराफ त्याच्या लकाकीवर भाळत नाही. तो दागिना कसोटीवर घासतो. दगडावर पिवळी रेघ उमटते. तिच्याशेजारी माहितीच्या सोन्याची रेघ ओढून तो दोन्हींचा रंग ताडून पाहतो. मग त्यांवर तेजाबाचा थेंब सोडतो. रेघ पितळेची असेल, तर ती विरून जाते. चांगल्या सोन्याची असेल, तर टिकते.

मुलाम्याची वस्तू याहून फसवी असते. तिच्यावर सोन्याचा पातळ थर असल्यामुळे पहिली रेघ सोन्याचीच उमटते. म्हणून जाणता सराफ तिची कड कानशीने थोडी खोल घासतो. वरचा थर गेला, की आतले तांबे किंवा पितळ उघडे पडते.

माणसांच्या बोलण्यावरही असा मुलामा असतो. मित्राच्या यशाबद्दल तोंडाने अभिनंदन करावयाचे आणि मनात मात्र जळावयाचे, हे व्यवहारात नित्य आढळते. त्यात नुकसान बहुधा बोलणाऱ्याचेच होते. परंतु सार्वजनिक कार्यात उक्ती एक आणि कृती दुसरी झाली, तर त्याची किंमत दुर्बलांना मोजावी लागते.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात असेच घडले. विधवांच्या पुनर्विवाहास १८५६ साली कायद्याने मान्यता मिळाली. पुढे सभांतून विधवांच्या दुःखाविषयी कळकळीची व्याख्याने होऊ लागली. परंतु स्वतःवर प्रसंग आला, म्हणजे कित्येक वक्ते माघार घेत. अशांना ‘बोलके सुधारक’ हे नाव पडले. हानी केवळ त्यांच्या लौकिकाची झाली नाही. एकदा खोटा रुपया पदरात पडला, की माणूस खरे रुपयेही वाजवून घेऊ लागतो. त्याचप्रमाणे खऱ्या सुधारकांकडेही लोक संशयाने पाहू लागले; आणि ज्यांच्यासाठी ती व्याख्याने होत, त्या बालविधवांचे जीवन होते तसेच राहिले.

धोंडो केशव कर्वे हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. कोकणातील त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. घरच्या माणसांनाही त्याची झळ लागली. तरी ते डगमगले नाहीत. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. तो पुण्याजवळ हिंगण्यास गेला, तेव्हा महाविद्यालयातील काम आटोपून ते पायी तेथे जात. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. १९५८ साली राष्ट्राने ‘भारतरत्न’ देऊन त्यांचा गौरव केला. शब्दांवर कृतीची कानस चालली, तेव्हा आत निखळ सोनेच निघाले.

सोन्याची परीक्षा करावयास सराफ लागतो; स्वतःच्या शब्दांची परीक्षा मात्र ज्याची त्यालाच करता येते. ‘प्रामाणिकपणा’ या विषयावर सुंदर निबंध लिहून शिक्षकांची शाबासकी मिळविणारा विद्यार्थी हुशार खराच. परंतु तो निबंध त्याने शेजाऱ्याच्या वहीतून उतरविला असेल, तर त्या शाबासकीचा कस काय, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?