चहाची विद्युत्-नासिका

चहाच्या कारखान्यात पानाचे दैव ठरते ते बहुधा तास-दीड तासाच्या आत. हवेच्या झोतात कोमेजवलेले आणि यंत्राच्या दात्यांत चुरडलेले पान किण्वनाच्या दालनात पातळ थराने पसरले, की त्यातील विकरे प्राणवायूच्या साहाय्याने आपले कार्य आरंभितात. हिरवा रंग जाऊन तांबूस झाक चढू लागते, आणि कापलेल्या गवताचा उग्र वास ओसरून त्याच्या जागी फुलांची आठवण देणारा परिमळ उभा राहतो. हा परिमळ एकदा चढतो, ओसरतो आणि पुन्हा अधिक जोमाने चढतो. कारखान्यातील मंडळी या चढांना 'फर्स्ट नोज' आणि 'सेकंड नोज' म्हणतात. दुसरा चढ शिगेला पोहोचताच पान सुकवणीच्या यंत्रात रवाना झाले तर चहा साधतो. घाई झाली तर तो कच्चा राहतो आणि उशीर झाला तर निस्तेज उतरतो.

हा क्षण ओळखणे पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या जाणत्या माणसाच्या नाकावर सोपविलेले असे. तो मूठभर पान उचलतो, तळव्यात जरासे दाबतो, नाकाशी नेतो आणि हुकूम देतो. त्या हुकुमाचा तपशील मात्र कोणत्याही दप्तरात उतरत नाही. शिवाय घ्राणेंद्रियाचा धर्मच असा, की एकच वास सतत येत राहिला म्हणजे थोड्याच वेळात त्याची जाणीव बोथट होते, आणि पडशाने तर ती पार नाहीशी होते.

ही उणीव ध्यानी घेऊन, पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेच्या कोलकात्यातील केंद्राने जादवपूर विद्यापीठातील संशोधकांच्या सहकार्याने चहासाठी विद्युत्-नासिका सिद्ध केली. पानावरची हवा पंपाने ओढून एका छोट्या कक्षात आणली जाते. तेथे कथिलाच्या ऑक्साइडाचे मोजके संवेदक बसविलेले असतात, आणि वाचन झाल्यावर शुद्ध हवा सोडून तो कक्ष धुऊन काढतात, म्हणजे मागच्या वासाची बाकी पुढच्या खात्यात चढत नाही.

यांतील प्रत्येक संवेदक तापविलेल्या अर्धवाहकाचा असतो. त्या तपमानाला त्याच्या पृष्ठभागी हवेतील प्राणवायू चिकटून बसतो आणि आतले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे विजेच्या प्रवाहाला होणारा रोध वाढतो. वासाचे बाष्प आले की ते त्या प्राणवायूशी संयोग पावते, धरलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध झरझर उतरतो. जपानात नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली या तत्त्वाचा संवेदक घडविला तो इंधन-वायूच्या गळतीचा इशारा वेळीच मिळावा म्हणून. सुगंध-दुर्गंधाशी त्याला कर्तव्य नव्हते.

असा संवेदक एकटा घेतला तर त्याची साक्ष फारशी ग्राह्य धरता येत नाही, कारण मद्यार्काची वाफ असो की इंधन-वायू, तो दोहोंना उत्तर देतो. इंग्लंडातील वॉरिक विद्यापीठाच्या कृष्णा परसॉद आणि जॉर्ज डॉड यांनी १९८२ साली 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले ते असे, की भिन्न प्रकृतीचे, परंतु एकेकटे संदिग्ध, असे संवेदक एकत्र बसवून त्यांच्या उत्तरांचे परस्परप्रमाण पाहिले, तर वासावासांतील तफावत ओळखता येते. सस्तन प्राण्यांच्या नाकाचेही असेच चालत असावे, हा त्यांचा तर्क होता. पुढे लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली गंधग्राहकांचे विशाल जनुककुल उजेडात आणले आणि २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. माणसाच्या नाकात असे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. वॉरिकच्या प्रयोगात संवेदक होते अवघे तीन. त्या प्रयोगाचे धाडस यावरून ध्यानी यावे.

यंत्राला उपजत ज्ञान काहीच नसते. आरंभी त्याच्या आलेखाशेजारी जाणत्या परीक्षकाचा निवाडा मांडावा लागतो, आणि अशा पुष्कळ जोड्या पाहून संगणक त्यांतील संगती शिकतो. यात उणेपणा मानण्याचे मला कारण दिसत नाही. युरोपात ठरलेल्या प्रमाणानुसार दुर्गंधीची तीव्रता मोजतात तेव्हाही अखेरचा शब्द माणसांच्याच पंचमंडळाचा असतो: वासाची हवा शुद्ध हवेत मिसळून त्यांना हुंगावयास देतात, आणि ज्या मिश्रणाचा वास निम्म्यांना येतो व निम्म्यांना येत नाही, त्यावरून परिमाण ठरते. त्या मंडळात कोणी बसावे, हेही ब्यूटॅनॉलच्या वासावर त्यांचे नाक पारखूनच ठरवितात.

संवेदकाची दुखणी वेगळी. वयोमानाने त्याचे उत्तर सरकत जाते, सिलिकोनच्या वाफेने तो निकामी होऊ शकतो, आणि पाण्याच्या बाष्पालाही तो दाद देतो. आसामात पावसाळ्यात चहाचा हंगाम भरात असतो आणि किण्वनाच्या दालनात तर आर्द्रता मुद्दाम राखलेली असते. तेव्हा ही अखेरची खोड सर्वांत जाचक. दार्जिलिंगच्या पानावर तयार झालेले यंत्र आसामात जसेच्या तसे चालेल असा भरवसा धरता येत नाही. तेथल्या पानाशी आणि तेथल्या जाणत्याच्या नाकाशी त्याला पुन्हा उमेदवारी करावी लागते. ही उमेदवारी कारखानदारांनी खर्चाची बाब समजून टाळू नये, असे मला कळकळीने वाटते. जुना परीक्षक निवृत्त होतो तेव्हा त्याची सारी पारख त्याच्याबरोबर जाते. आलेखांना जोडून ठेवलेल्या त्याच्या निवाड्यांमुळे तिचा काही अंश तरी कारखान्याच्या दप्तरी राहील, आणि त्याच्या जागी येणाऱ्या तरुणाला तो पडताळून पाहता येईल.