भातकापणीच्या दिवसांतली नाटके
(मुठा-मोसे खोऱ्यातील आपल्या कुटुंबांसाठी थोडी माहिती, थोडा हिशेब)

गेल्या वर्षी वर्षावासातील एका रविवारी वंदना झाल्यावर आम्ही सतरंज्या गोळा करीत होतो. महिला मंडळातील एका भगिनीने सहज विचारले, "भाऊ, नाटक म्हणजे टीव्हीवर लागते तेच का?" ताईंचे वय अडतीस. लवासातील एका हॉटेलात खोल्यांच्या साफसफाईचे काम करतात. दोन मुले शिकविली, घरावर पत्रे घातले, पण नाट्यगृहाच्या खुर्चीवर त्या आयुष्यात कधी बसलेल्या नाहीत. आम्ही विहारातील इतरांना विचारले. एकवीस जणांपैकी चौघांनीच नाट्यगृह आतून पाहिले होते, आणि त्यातला एक तेथे रंगकाम करण्यासाठी गेला होता!

म्हणून हा लेख. नाटकाचे आम्ही जाणकार नाही. पोटासाठी कारकुनी करतो आणि आवड म्हणून गेली वीस वर्षे पुण्याला नाटके पाहायला जातो. त्यातून जी माहिती जमली ती वाचकांपुढे ठेवतो.

आमचा भाग वाचकांना ठाऊक आहेच. वारसगाव धरणाच्या फुगवट्याच्या काठाने, दासवे-मुगावच्या डोंगरांत, या शतकाच्या आरंभी लवासा हे नवे शहर उठू लागले. 2010 च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबविले, पुढल्या वर्षी अटी घालून परवानगी दिली आणि 2018 साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अर्धवट इमारती तशाच उभ्या राहिल्या. शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्या येतात. आपली माणसे त्यांची राखणदारी, बागकाम आणि धुणीभांडी करतात. तळ्याकाठी फिरायला रंगीत फरसबंदी आहे, परंतु मराठी नाटक पाहायचे तर टेमघरचा घाट उतरून, मुठा, पिरंगुट, भूगाव करीत चांदणी चौक गाठावा लागतो. सर्वांत जवळचे नाट्यगृह कोथरूडचे यशवंतराव चव्हाण. म्हणजे जाऊन-येऊन शंभर किलोमीटर धरून चाला.

त्यात अडचण अशी की पुण्यातील नाटकांचा भर आणि आपला भाताचा हंगाम नेमका एकाच वेळी येतो. ऑगस्टपासून स्पर्धा सुरू होतात, दिवाळीनंतर त्यांना रंग चढतो. आपल्याकडे त्याच सुमारास कापणी आणि झोडणी असते. तेव्हा सगळे पाहणे कोणालाच शक्य नाही. निवडूनच पाहावे लागेल.

आधी पुरुषोत्तम करंडकाविषयी. महाविद्यालयीन मुलांची ही एकांकिका स्पर्धा महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने 1963 साली सुरू केली. ती सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरात होते. प्राथमिक फेरी साधारण ऑगस्टात आणि अंतिम फेरी सप्टेंबरात असते. पन्नासच्या आसपास महाविद्यालये उतरतात, त्यातून नऊ संघ अंतिम फेरीत जातात. एका सत्रात तीन एकांकिका होतात. एका तिकिटात तीन नाटके, असा हा हिशेब! पडदा उघडण्यापूर्वी मुले "अरे, आव्वाज कुणाचा" अशी गर्जना करतात, तेव्हा छत खाली येईल असे वाटते. घाबरू नये. पडदा वर गेला की तीच मुले चिडीचूप होतात.

आमच्यासारख्या दूरच्यांनी अंतिम फेरीचे रविवार सकाळचे सत्र धरावे. ते दुपारपर्यंत संपते आणि परतीच्या गाडीची काळजी राहत नाही. मात्र तिकिटे लवकर संपतात, त्यामुळे पुण्यात कामाला असणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला आधी सांगून ठेवावे. येथे सगळेच प्रयोग चांगले असतात असे नाही. 2022 साली तर एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही असे परीक्षकांनी ठरविले आणि पुरुषोत्तम करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर बरीच आदळआपट झाली. आम्हाला परीक्षकांचे पटले. मुलांच्या पाठीवर थाप मारणारे पुष्कळ असतात, "अजून मेहनत करा" असे सांगणारे थोडे.

या स्पर्धेचा विषय निघाला म्हणून आमच्याच खोऱ्यातील एक हकीकत सांगतो. नावे सांगत नाही. कोथरूडकडील एका महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या एका मुलीला तिच्या संघाने घेतले. तालमी रात्री नऊ-दहापर्यंत चालायच्या. त्या वेळी मुठ्याकडे यायला काय मिळणार? पण खरी अडचण गाडीची नव्हती. तिचे वडील एका बंगल्यावर रात्रपाळीचे राखणदार आहेत. आम्ही समजूत घालायला गेलो, तर ते शांतपणे म्हणाले, "साहेब, आपल्या बायकांना फडावर नाचवले म्हणून बाबासाहेबांचा जीव तुटला. तेथून आपण त्यांना खाली उतरवले. आता तुम्ही म्हणता, पोरीने परत तोंडाला रंग लावावा?"

आमच्याकडे लगेच उत्तर नव्हते. हे बोलणे अडाणीपणाचे नव्हे. आपल्या समाजाने तमाशाच्या कनातीत काय भोगले, ते त्यांच्या घरात कोणीतरी पाहिलेले असणार. आंबेडकरी जलशातसुद्धा स्त्रीपात्रे पुरुषच करीत, ते काही उगाच नाही. आम्ही एवढेच म्हणालो की फडावर बाईला दुसऱ्याच्या मर्जीने उभे राहावे लागे. येथे तुमची मुलगी स्वतःच्या मर्जीने उभी राहणार आहे, आणि नको वाटले तर घरी येणार आहे. त्यांनी मान हलविली नाही, पण नकारही दिला नाही. अखेर मुलगी दीड महिना सुतारदऱ्यात आत्याकडे राहिली. संघाने तिला भूमिका दिली नाहीच, प्रकाशयोजनेचे काम दिले. प्राथमिक फेरीच्या दिवशी वडिलांनी पाळी बदलून घेतली आणि आमच्या मोटारसायकलवर मागे बसून भरत नाट्य मंदिरात आले. शेवटच्या रांगेत बसले. गलका सुरू झाला तेव्हा त्यांनी कानावर हात ठेवले. पुढे तासभर काही बोलले नाहीत. परतताना चांदणी चौकात चहाला थांबलो, तेव्हा म्हणाले, "तो शेवटचा उजेड हळूहळू कमी झाला, तो हिनेच केला का?" आम्ही होय म्हणालो. संघ अंतिम फेरीत गेला नाही. यंदा मुलीने पुन्हा नाव दिले आहे.

आता राज्य नाट्य स्पर्धा. राज्य शासनाच्या सांस्कृतिक खात्याची ही हौशी मराठी नाट्य स्पर्धा 1954 पासून चालत आली आहे. प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबरपासून वेगवेगळ्या केंद्रांवर असते, पुण्यातही असते. बँकेतले, पोस्टातले, कारखान्यातले लोक दिवसा नोकरी करून संध्याकाळी येथे नाटक करतात. तिकीट अगदी नाममात्र असते, आणि रोज एक नाटक याप्रमाणे कितीतरी दिवस ओळीने प्रयोग चालतात. आमच्या मते कामकरी माणसाने पहिले नाटक पाहावे ते येथेच. नेपथ्य कधी डुगडुगते, संवाद कधी अडखळतो, पण रंगमंचावर आपल्यासारखाच माणूस उभा आहे हे दिसते. झोडणी उरकून एक दिवस काढावा. प्रयोग संध्याकाळी सुरू होतो आणि रात्री दहापर्यंत संपतो, त्यामुळे परतीची सोय आधी करावी.

व्यावसायिक नाटकांविषयी फार सांगत नाही. बालगंधर्व (हे 1968 साली उघडले), यशवंतराव चव्हाण, टिळक स्मारक, चिंचवडचे रामकृष्ण मोरे या ठिकाणी बहुधा दुपारी साडेबारा, सायंकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ असे प्रयोग असतात. वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून जावे. पुढच्या रांगांच्या तिकिटात आपल्या घरचा आठवड्याचा बाजार होतो. बाल्कनीचे घ्यावे, ऐकू तेथेही येते. मध्यंतरातील बटाटेवडा मात्र चुकवू नये, असे आमच्या सौभाग्यवतींनी मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

दिवाळीच्या सुटीत बालनाट्ये लागतात. रत्नाकर मतकरींचे 'अलबत्या गलबत्या' 2018 साली नव्याने आले आणि मुलांनी डोक्यावर घेतले. त्यात चेटकीण आहे. आमच्या एका कार्यकर्त्याने शंका काढली की अशाने मुलांत अंधश्रद्धा वाढेल. आम्ही त्याच्या मुलालाच विचारले. तो म्हणाला, "तो बाप्या आहे, साडी नेसलेला." प्रश्न मिटला. याच मतकरींनी 2014 पासून ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' या नावाने वस्त्यांतील मुलांना आपली नाटके आपणच रचून करायला लावली होती, हेही कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

नाटक ही दुसऱ्यांची वस्तू, आपण फक्त तिकीट काढून पाहायची, असा समज होऊ नये म्हणून थोडे मागचे सांगणे भाग आहे. जोतीराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिले. अडाणी कुणबी जोडप्याला जोशी कसा लुबाडतो आणि ते दोघे शेवटी शाळेची वाट कशी धरतात, असे ते नाटक. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि छापून यायला 1979 साल उजाडले. पुढे सत्यशोधकी जलसे निघाले. त्या वाटेने भीमराव कर्डकांनी नाशिक जिल्ह्यात आंबेडकरी जलसा उभा केला, आणि गण-गवळणीच्या जागी समाजाचे प्रश्न आले. दिवसा मोलमजुरी करणारी ही माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात गावोगाव बाबासाहेबांचा विचार पोहोचवीत. म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' 1955 साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात खुद्द बाबासाहेबांसमोर झाले आणि पुढल्या वर्षी धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही झाले. सत्तरीच्या दशकाअखेर पुण्यातच 'दलित रंगभूमी' उभी राहिली, टेक्सास गायकवाड त्यात पुढे होते. दत्ता भगतांचे 'वाटा पळवाटा' आपल्यातल्याच सुशिक्षितांची झडती घेते. आणि 2012 साली गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' अतुल पेठे यांनी पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन बसविले. हातातला झाडू ठेवून लोक तालमीला गेले आणि फुल्यांची गोष्ट सांगून आले. तो प्रयोग आम्ही पाहिला तेव्हा शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थ रडत होते. आमचीही अवस्था फार वेगळी नव्हती.

म्हणून आमच्या विहारात असे ठरले आहे की अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपल्यावर एखादी एकांकिका आपणच करावी. प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' (1977) निवडली आहे. पात्रे दोनच, नेपथ्य जवळजवळ नाही, आणि विषय पाण्याचा. धरणाच्या काठी राहून उन्हाळ्यात डोक्यावर हंडा वाहणाऱ्यांना तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. गज्वी 2019 साली नागपूरच्या नाट्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ही एकांकिका कित्येक भाषांत गेली आहे आणि तिचे हजारो प्रयोग झाले आहेत, त्यात आमचा एक. लेखकाची रीतसर परवानगी मागावी लागते, मानधनाचे विचारावे लागते. हे काम कारकुनाचे असल्यामुळे ते आमच्याकडे आले. वाचकांपैकी कोणी असा प्रयोग करणार असतील तर हे आधी करावे. आपले लेखक आपणच फुकटात वापरू नयेत.

आता खर्चाचे. गेल्या वर्षी राज्य स्पर्धेला आम्ही बारा जण एका जीपने गेलो. जीपचे 3000 रुपये, म्हणजे माणशी 250. भाकरी-चटणी घरून नेली, तिकीट आणि चहा धरून तीनशेच्या आत भागले. सप्टेंबरपासून आठवड्याला वीस रुपये बाजूला ठेवले तर नोव्हेंबर अखेरपर्यंत यातली बहुतेक रक्कम जमते. बाळंतिणीला किंवा आजारी माणसाला घाटातून रात्री आणू नये, धुके असते. लहान मूल असेल तर बाहेरच्या बाजूची खुर्ची मागावी, रडू लागले की उठता येते. आणि शेवटच्या बसच्या भरवशावर मुळीच राहू नये. आम्ही तरुणपणी एकदा राहिलो होतो आणि सकाळपर्यंत बसस्थानकाच्या बाकावर डासांशी झुंजत बसलो होतो.

यंदाच्या जीपसाठी नावे घेणे सुरू केले आहे. वर सांगितलेल्या ताईंनी पहिले नाव दिले आणि सासूबाईंचेही दिले. रविवारी पाहुण्यांची गर्दी असल्याने त्यांना सुटी मिळत नाही, म्हणून या खेपेस मधल्या वारी जायचे ठरविले आहे. दहा नावे झाली आहेत, दोन जागा शिल्लक आहेत.