काम मोहल्ल्याच्या हाती सोपवायचं कसं? ओरंगीच्या गल्ल्यांचा अनुभव

मोहल्ल्यातले चार तरुण एकत्र येतात, अभ्यासिका सुरू करतात. दोन-तीन वर्षं छान चालतं. मग एकाला आखातात नोकरी लागते, दुसरा पुण्याला जातो आणि दाराला कुलूप लागतं. चावी कोणाकडे आहे हेही कुणाला माहीत नसतं. असं का होतं, हे समजून घ्यायला कराचीतल्या ओरंगी वस्तीचं उदाहरण बघण्यासारखं आहे.

१९८० साली अख्तर हमीद खान तिथे कामाला लागले. जन्म आग्र्याचा, इंग्रजांच्या काळातली आयसीएसची नोकरी सोडलेला माणूस. लाखोंच्या त्या वस्तीत गटारं नव्हती, मैला गल्लीतच वाहायचा. सरकार करेल म्हणून लोक थांबले होते. खानसाहेबांनी चंदा गोळा करून गटारं बांधून दिली नाहीत. वीस-तीस घरांची एक गल्ली धरली. गल्लीने बसून आपला एक माणूस निवडायचा, त्याने घराघरातून पैसे जमा करायचे आणि खर्चही गल्लीनेच करायचा. संस्था मोजमाप घ्यायची, नकाशा आणि खर्चाचा अंदाज द्यायची, अवजारं वापरायला द्यायची, काम शिकवायची. लोकांच्या पैशाला मात्र हात लावायची नाही.

खरी मेख इथेच आहे. पैसा बाहेरच्यांचा असला की गटारही त्यांचंच होतं. तुंबलं की लोक त्यांच्याच दारात जातात. ओरंगीत ते गल्लीचं होतं, म्हणून दुरुस्तीही गल्लीची. काम सोपवायचा वेगळा दिवस उगवायची गरजच पडली नाही. अर्थात सगळा भार गरिबांवर टाकला असंही नाही. घरातला संडास, गल्लीतली लाईन आणि तिला पुढे नेणारी जोडलाईन लोकांनी करायची, मोठे नाले सरकारने.

१९८८ मध्ये प्रकल्पाच्या कामांसाठी स्वतंत्र संस्था झाल्या. १९९९ मध्ये खानसाहेब वारले. २०१३ मध्ये धुरा सांभाळणाऱ्या परवीन रहमान यांचा गोळ्या झाडून खून झाला. संस्था तरीही बंद पडली नाही.

आपल्याकडे बहुतेक वेळा गाडी अडते ती कागदांवर. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाचे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. (वक्फकडे नोंद असलेल्यांची पद्धत वेगळी.) हे हमखास राहून जातं. मग काम नवे लोक करतात, बँकेत सही जुन्याची, आणि तो बसलाय परदेशात! लाईटबिल भरायचं तर वर्गणी काढावी लागते.

म्हणून जाणाऱ्याने तिकीट काढण्याआधी बैठक घेऊन ठराव करावा, बँकेतल्या सह्या बदलाव्यात. त्याच्याही आधी काही महिने हिशेब नव्या माणसांकडून लिहून घ्यावा आणि आपण नुसतं बाजूला बसावं. चुकतील, चुकू द्यावं. मोहल्ल्यातल्या भगिनींनाही यात घ्या, कारण दुपारी अभ्यासिका उघडायला पुरुष घरी नसतात. शेवटी चावी, पावतीपुस्तक आणि पासबुक एकाच दिवशी, घेणाऱ्याची सही घेऊन द्या.