बँक खात्यावरील जप्ती : धनको खाते कसे शोधतो आणि शेतकऱ्याने केव्हा काय करावे

भाताची झोडणी आटोपून धान्य विकले गेले की, भिवंडी तालुक्यातील शेतकऱ्याच्या हाती वर्षातून एकदा बऱ्यापैकी रक्कम येते. पूर्वी ही रक्कम रोख मिळत असे व घरातील पेटीत राही. आता धान्याची किंमत, पीकविम्याची भरपाई, प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये, तसेच ज्यांची जमीन महामार्गात किंवा रेल्वेमार्गात गेली त्यांचा मोबदला, हे सर्व बँकेतील खात्यावर जमा होते. यामुळे मोठी सोय झाली, यात शंका नाही. तथापि त्याबरोबर एक नवी अडचणही निर्माण झाली आहे. पैसे काढावयास गेलेल्या शेतकऱ्यास शाखेत सांगण्यात येते की, तुमचे खाते गोठविण्यात आले आहे. ते कोणी गोठविले, कशासाठी व कोणत्या अधिकाराने, हे त्यास समजत नाही. आणि तो जेव्हा चौकशीस लागतो, तेव्हा त्याला मिळालेली मुदत बहुधा टळून गेलेली असते.

प्रस्तुत लेखकाचे शिक्षण शेतीशास्त्राचे आहे, वकिलीचे नव्हे. परंतु बियाण्याचा प्रश्न घेऊन येणारा शेतकरी बोलता बोलता कर्जाच्या नोटिशीवर येतो, हा गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. यास्तव ही पद्धत निदान ढोबळमानाने आपणा सर्वांस ठाऊक असणे जरूर आहे.

प्रथम एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आपण बँकेत पैसे ठेवतो, तेव्हा ते पैसे आपल्या नावाच्या थैलीत वेगळे ठेवलेले नसतात. कायद्याच्या दृष्टीने ती रक्कम बँक आपले देणे लागते. म्हणजे त्या व्यवहारात शेतकरी हा धनको व बँक ही ऋणको होय. आता समजा, शेतकरी दुसऱ्या कोणाचे देणे लागतो व त्या धनकोने दिवाणी न्यायालयातून हुकूमनामा मिळविला आहे. अशा वेळी न्यायालय बँकेस सांगू शकते की, जे पैसे तुम्ही या शेतकऱ्यास द्यावयाचे, ते त्यास न देता न्यायालयात भरा. ऋणकोचा जो ऋणको, त्यास कायद्यात गार्निशी म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश २१, नियम ४६ अन्वये बँकेस मनाई हुकूम होतो आणि नियम ४६-क अन्वये रक्कम न्यायालयात भरण्याची नोटीस निघते.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक अशी की, खात्यात जेवढी रक्कम बँक खरोखर देणे लागते तेवढ्यावरच जप्ती बसते. पीककर्जाच्या मंजूर मर्यादेतील न उचललेली रक्कम ही शेतकऱ्याची ठेव नव्हे, सबब ती जप्तीस पात्र होत नाही. दुसरी अशी की, हुकूमनाम्याची रक्कम व खर्च भागेल एवढेच पैसे मागता येतात. देणे ६०,००० रुपयांचे असून खात्यात दोन लाख रुपये असतील, तर सबंध खाते अडवून ठेवण्याचे कारण उरत नाही. अशा वेळी उरलेली रक्कम मोकळी करावी असा लेखी अर्ज शाखेत द्यावा, व तेथे दाद न लागल्यास न्यायालयात द्यावा. हा अर्ज कोणी करीत नाही, म्हणून बँकाही खाते तसेच बंद ठेवतात.

धनकोला आपल्या खात्याचा पत्ता लागतो कसा, याविषयी गावात नाना तर्क चालतात. वास्तविक हा पत्ता पुष्कळदा शेतकऱ्यानेच दिलेला असतो. खताच्या किंवा औषधाच्या दुकानदारास उधारीपोटी दिलेल्या धनादेशावर बँक, शाखा व खाते क्रमांक तिन्ही छापलेले असतात. कर्जाच्या अर्जासोबत खातेपुस्तकाची प्रत जोडलेली असते. जमिनीच्या सातबारा उताऱ्यात इतर हक्कांच्या रकान्यात बोजा नोंदविलेला असतो व त्यात बँकेचे अगर सोसायटीचे नाव असते. हा उतारा आता संगणकावर कोणालाही पाहता येतो. ज्या बँकेचे पीककर्ज, त्याच बँकेत बचत खाते असावे, हे ओळखण्यास फारसे डोके लागत नाही.

एवढ्याने पत्ता न लागल्यास धनको न्यायालयाची मदत घेतो. हुकूमनामा होऊन ३० दिवस रक्कम न भरली गेल्यास, ऋणकोने आपली मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावी, असा हुकूम नियम ४१ अन्वये मागता येतो. त्यात बँक खातीही लिहावी लागतात. हा हुकूम न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगाची शिक्षा होऊ शकते. म्हणून अशा कागदाकडे दुर्लक्ष करू नये व त्यात खोटेही लिहू नये. कोणा वसुली माणसाने दूरध्वनीवरून "उद्या तुमचे खाते बंद करतो" असे धमकाविले, तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. खाजगी माणसास, मग तो परवानाधारक सावकार का असेना, परस्पर कोणाचेही खाते बंद करता येत नाही. विनापरवाना सावकारास तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये न्यायालयाकडून हुकूमनामाही मिळू शकत नाही. उलट त्याच्याविरुद्ध सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

आपल्या तालुक्याची एक विशेष गोष्ट येथे सांगितली पाहिजे. भिवंडी हे यंत्रमागाचे मोठे केंद्र. पडघा, अंबाडी, अनगाव या बाजूंच्या कित्येक कुटुंबांत एक भाऊ शेती करतो व दुसऱ्या भावाचे किंवा पुतण्याचे शहरात चार माग असतात. मागासाठी पतसंस्थेतून कर्ज काढताना जामीनदार लागतो आणि सातबारा ज्याच्या नावावर आहे तो भाऊ सही करून देतो. ही सही केवळ ओळख पटविण्यापुरती आहे अशी त्याची समजूत असते. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ अन्वये, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराची मालमत्ता विका व मगच माझ्याकडे या, असे त्यास म्हणता येत नाही. मागाचा धंदा मंदावला म्हणजे पतसंस्था जामीनदाराकडे वळते. त्यातच आमणे येथे समृद्धी महामार्गाला मिळणारे रस्ते, मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग आणि मुंबई–अहमदाबाद वेगवान रेल्वे यांसाठी तालुक्यात भूसंपादन झाले असल्याने, मोबदल्याची रक्कम कोणाच्या खात्यावर आली आहे हे साऱ्या गावास ठाऊक असते. पतसंस्थेसही ते ठाऊक असते.

पतसंस्थेची व सोसायटीची वाट न्यायालयाहून निराळी आहे, आणि जवळचीही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ अन्वये निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो. त्यानंतर कलम १५६ व १९६१ च्या नियमांतील नियम १०७ अन्वये वसुली अधिकारी मागणी नोटीस देऊन जप्ती करतो. यात दिवाणी दाव्याची गरज पडत नाही. दाखला देण्यापूर्वी निबंधक कार्यालयात चौकशी होते व कर्जदार आणि जामीनदार या दोघांसही म्हणणे मांडण्याची संधी असते. हिशेबात चूक असेल, व्याज जास्त लावले असेल, भरलेले हप्ते धरले नसतील, तर बोलण्याची जागा हीच होय. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध कलम १५४ अन्वये दोन महिन्यांत पुनरीक्षण अर्ज करता येतो, परंतु त्यासाठी वसुलीच्या रकमेपैकी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ज्याच्याजवळ निम्मी रक्कम नाही त्याचा अर्ज दारातच अडतो. म्हणजे चौकशीच्या तारखेस भाताची लावणी चालू आहे म्हणून न जाणे, हे या प्रकरणातील सर्वांत महाग न जाणे ठरते.

दिवाणी दाव्यातही असेच घडते. समन्स घेऊन बेलिफ आला म्हणजे घरातील माणसे तो कागद नाकारतात व आपण वाचलो असे समजतात. कायद्याने मात्र नाकारलेले समन्स दाराला चिकटविता येते आणि ते बजावले गेले असे धरता येते. मग दावा एकतर्फी चालून हुकूमनामा होतो. समन्स खरोखरच मिळाले नसेल, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यासाठी, तो कळल्यापासून ३० दिवसांत अर्ज करता येतो. हुकूमनाम्याची दरखास्त मात्र १२ वर्षांपर्यंत दाखल करता येते. म्हणून जुने प्रकरण मिटले असेल असे गृहीत धरू नये.

या विषयातील सर्वांत मोठे नुकसान ज्या चुकीमुळे होते, तिच्याकडे आता वळू. एका गावी एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हास दुकानदाराच्या वहीतील फाटके पान दाखविले होते. हुकूमनामा झाल्यावर त्याने दोन हंगामांत बहुतेक रक्कम रोख फेडली होती व त्या पानावर आकडे मांडलेले होते. पुढे दुकान मुलाकडे गेले, आणि मुलाने पूर्ण रकमेची दरखास्त लावून खात्यावर जप्ती आणली. शेतकरी ते पान घेऊन सर्वत्र फिरला. पैसे दिले हे गावात सर्वांस ठाऊक होते. न्यायालयास मात्र ते ऐकता येईना. कारण आदेश २१, नियम २ अन्वये हुकूमनाम्यानंतर न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम न्यायालयात नोंदविली गेली नसेल, तर वसुली करणारे न्यायालय ती विचारात घेत नाही. धनकोने नोंद न केल्यास ऋणकोने स्वतः तसा अर्ज करावयाचा असतो, व त्याची मुदत अवघी ३० दिवसांची आहे. यासाठी हुकूमनामा झाल्यानंतरची फेड न्यायालयात भरावी, किंवा बँकेमार्फत देऊन लगेच नोंद करून घ्यावी. बांधावर मोजलेल्या नोटा घरची माणसे साक्षीला असली तरी उपयोगी पडत नाहीत.

कशावर जप्ती बसत नाही, हेही पाहिले पाहिजे. १८७५ साली सुपे येथे दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे व वह्या जाळल्या, त्यानंतर १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला, हा इतिहास पुष्कळांस माहीत आहे. शेतकऱ्याची उपजीविकेची साधने धनकोच्या हातून वाचवावीत, हे तत्त्व आजच्या दिवाणी संहितेच्या कलम ६० मध्येही आहे. शेतीची अवजारे, न्यायालयास आवश्यक वाटतील तेवढी गुरे व बियाणे, राहते घर, जरूर तेवढी भांडी व कपडे, मजुराची मजुरी, सरकारी निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी व आयुर्विम्याची रक्कम यांना संरक्षण आहे. येथे एक विचित्र भेद लक्षात घ्यावा. गोठ्यातील नांगराच्या बैलांस संरक्षण आहे, पण तेच बैल विकून खात्यात ठेवलेल्या पैशांस ते नाही. भाताच्या किमतीस नाही, जमिनीच्या मोबदल्यासही नाही. निवृत्तिवेतनाची रक्कम खात्यावर जमा झाल्याने तिचे स्वरूप बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली म्हटले आहे. परंतु ती रक्कम इतर पैशांत मिसळली, म्हणजे वेगळी काढून दाखविण्याचे काम आपल्यावर येते. सबब घरातील वृद्धांचे निवृत्तिवेतन किंवा मजुरी ज्या खात्यावर येते, त्यात धान्याचे वा दुकानदारीचे पैसे मिसळू नयेत. पत्नीच्या अगर भावाच्या पैशांवर चुकीने जप्ती आली असल्यास, त्यांनी स्वतः नियम ५८ अन्वये हरकत घ्यावी; कर्जदाराने त्यांच्या वतीने सांगणे पुरेसे होत नाही.

ज्या बँकेचे कर्ज थकले त्याच बँकेत बचत खाते असेल, तर प्रकार आणखी वेगळा असतो. तेथे जप्तीचा हुकूम नसतो. बँक आपले देणे व घेणे एकमेकांत वळते करते, किंवा तोपर्यंत रक्कम रोखून धरते. तिचा हा हक्क सर्वसाधारणपणे मान्य आहे. परंतु नैसर्गिक आपत्तीच्या मदतीविषयीच्या शासन निर्णयांत, या रकमेतून बँकेने कर्जवसुली करू नये, अशी सूचना देण्यात येते. अवकाळी पावसाची मदत अडविली गेली असल्यास, त्या शासन निर्णयाची प्रत जोडून शाखाधिकाऱ्यास लेखी अर्ज द्यावा व त्याची एक प्रत तहसीलदारांकडे पाठवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही प्रत मिळवून दिली तरी शेतकऱ्याचे अर्धे काम होते. आधारशी जोडलेल्या खात्यावरच शासकीय रकमा येतात. ते खाते कोणते, हे कित्येकांस ठाऊक नसते. तेही बँकेतून पाहून घ्यावे.

खाते बंद असल्याचे कळताच शाखेत जाऊन प्रथम एकच विचारावे : हुकूम कोणाचा? न्यायालयाचा, सहकारी वसुली अधिकाऱ्याचा, एखाद्या शासकीय खात्याचा, पोलिसांचा, की बँकेचा स्वतःचाच? हुकुमाचा क्रमांक, तारीख व रक्कम लिहून घ्यावी, आणि शक्य तर त्याची प्रत मागावी. तोंडी उत्तरावर परत येऊ नये. ते कागद, खातेपुस्तकाची अद्ययावत प्रत व फेडीच्या पावत्या घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आणि ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्नाचे लोक यांना तेथे विनामूल्य वकील मिळतो. भिवंडी तालुक्यातील पाड्यांवरील आदिवासी बांधवांपैकी फार थोड्यांना याची माहिती आहे.

देणे खरे असेल तर लोक अदालतीत हप्ते बांधून घेणे हा मार्ग बरा. मात्र तेथील निवाड्यास हुकूमनाम्याचेच बळ असते व त्यावर अपील नाही. म्हणून हप्त्याची तारीख ठरविताना भात विकून पैसे हाती येण्याचा महिना धरावा. जून महिन्यातील हप्ता कबूल करू नये.