शब्दावर थांबलेल्या अणुचाचण्या

१९५४च्या उन्हाळ्यात दोन जागांच्या भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते आणि नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर प्रचारात तुटून पडत होते. ते हरले, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. कोंढा-पवनीच्या जुन्या माणसांना ती निवडणूक बाबासाहेबांच्या पराभवामुळे आठवते. मला मात्र त्याच परराष्ट्र धोरणातली एक गोष्ट मोलाची वाटते. २ एप्रिलला नेहरूंनी लोकसभेत मागणी केली होती की, अणुचाचण्या निदान थांबवण्याचा तरी करार व्हावा.

कारण ताजं होतं. १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटावर केलेला स्फोट दीड कोटी टन टीएनटीच्या तोडीचा होता. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत ज्यांच्या घरची माणसं राबतात, त्यांना एक टन स्फोटक म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे २४ जानेवारी २०२५ला झालेल्या स्फोटानंतर तर नाहीच. बिकिनीपासून दूर असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर पांढरी राख तासन्‌तास पडत राहिली. तेवीस खलाशी होते. बिनतारी यंत्र सांभाळणारे आयकिची कुबोयामा सप्टेंबरात दगावले.

नऊ वर्षांनी मॉस्को करार झाला. हवेत, पाण्याखाली, अंतराळात चाचणी नको, असं ठरलं आणि ८ ऑगस्ट १९६३ला भारताने सही केली. जमिनीखालची वाट मात्र मोकळी राहिली. १८ मे १९७४ला पोखरणमध्ये आपण त्याच वाटेने गेलो. प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीतलं होतं. १९९६ला सर्वंकष चाचणीबंदी कराराला जिनिव्हात भारताच्या वतीने अरुंधती घोष यांनी नकार दिला. बड्या राष्ट्रांनी आपली अण्वस्त्रं कधी संपवायची, याची मुदतच त्यात नव्हती. तो आक्षेप मला आजही रास्त वाटतो. पण ११ मे १९९८चे स्फोट बुद्धपौर्णिमेला झाले, हे पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरच्या प्राचीन स्तूपाशेजारी राहणाऱ्या आम्हा लोकांना सलतं.

त्याच महिन्यात वाजपेयी सरकारने यापुढे चाचणी न करण्याचं स्वतःहून जाहीर केलं. अणुव्यापाराची दारं उघडण्याआधी, सप्टेंबर २००८मध्ये प्रणव मुखर्जींनी तेच वचन पुन्हा दिलं. दरम्यान २००५चा सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा कायदा आला. बेकायदा अण्वस्त्रं बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला तो रोखतो. सरकारला चाचणीपासून रोखत नाही. म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ पाळलेला हा संयम निव्वळ शब्दावर उभा आहे. उद्या मंत्रिमंडळाने ठरवलं, तर संसदेत मतदानाचीही गरज नाही.

अमेरिकेच्या सिनेटने १९९९ला चाचणीबंदी करार फेटाळला, रशियाने २०२३ला आपली मान्यता मागे घेतली. अशा वेळी जिनिव्हातला आक्षेप कायम ठेवूनही आपल्याला आपला शब्द कायद्यात बांधता येईल. चाचणी करायची असेल, तर आधी दोन्ही सभागृहांची संमती घ्या, एवढं एक कलम पुरे. ते विधेयक भंडाऱ्याच्या खासदाराने मांडावं, अशी मागणी आपण कोंढ्याच्या ग्रामसभेतूनही करू शकतो.