दारावरचा जागा सेवक (ख्रिस्ती साधना : लेखांक ६)

ख्रिस्ती साधनेत ‘जागृती’ ही संज्ञा दोन अर्थांनी येते. जगाच्या अंती प्रभू येशू न्यायासाठी परत येईल या श्रद्धेने त्याची वाट पाहत राहणे हा पहिला अर्थ; आणि आपल्या मनात कोणता विचार शिरतो, कोणता ठाण मांडतो आणि कोणता हळूच माणसाला देवापासून दूर नेतो यावर रोज लक्ष ठेवणे हा दुसरा. पहिल्या अर्थाला चिकटून दुसरा विसरणारे लोक प्रत्येक शतकात निघाले आणि त्यांनी पुनरागमनाच्या तारखा मांडल्या, जरी मार्ककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात तो दिवस व ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही असे खुद्द येशूनेच सांगितलेले आहे. त्याच अध्यायातील दाखल्यात घरधनी परदेशी जाताना प्रत्येक दासाला त्याचे त्याचे काम नेमून देतो आणि द्वारपाळाला जागे राहण्यास सांगतो, म्हणजे जागे राहणे हेही नेमून दिलेले कामच ठरते. थेस्सलनीकाच्या मंडळीतील काहीजण कामधंदा सोडून बसले तेव्हा पौलाने त्यांना कडक शब्दांत कष्टाची भाकरी खायला सांगितले, ते याच समजुतीला धरून होते.

दिवेआगरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकाला तयारीचे दोन प्रकार वेगळे करून दाखवावे लागणार नाहीत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले ते पूर्वसूचना देऊन आले, त्यामुळे होड्या वर ओढता आल्या आणि माणसे सुरक्षित जागी हलवता आली. परंतु नारळी-पोफळीच्या वाड्या हलवता येत नाहीत, आणि श्रीवर्धन तालुक्यात त्या आडव्या झाल्या. सूचना मिळाल्यानंतर करायची तयारी ही धावपळीची असते. ख्रिस्ती शिकवण जी तयारी मागते ती सूचना कधीच मिळणार नाही असे गृहीत धरून वर्षानुवर्षे करायची आहे, आणि म्हणून तिचे स्वरूप भीतीचे नसून शिस्तीचे आहे.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दहा कुमारींच्या दाखल्यात एक बारकावा आहे, ज्याकडे उपदेशांत फारसे लक्ष दिले जात नाही: वराला उशीर झाला तेव्हा पाच मूर्ख कुमारींप्रमाणे पाच शहाण्याही झोपी गेल्या. फरक होता तो आधी भरून घेतलेल्या तेलाचा, जे ऐन वेळी दुसऱ्याकडून उसने मिळत नाही. गेथशेमाने बागेत शिष्यांना झोप लागली ती दुःखामुळे, असे लूक नोंदवतो. माणूस दुष्टपणामुळेच निद्रिस्त होतो असे नाही. तो थकव्याने होतो, शोकाने होतो, आणि सर्वांत अधिक सवयीने होतो. हे कारण ओळखणे फार महत्त्वाचे आहे, कारण थकलेल्या श्रद्धावंताला दोषी ठरवून जागे करता येत नाही.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी या कारणांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्यापैकी इव्हाग्रियस (निधन ३९९) याने साधकाला ग्रासणाऱ्या आठ कुविचारांची मांडणी केली, आणि त्यांत साधनेचा कंटाळा, म्हणजे दुपारी सूर्य जागचा हलत नाही असे वाटायला लावणारी उदासी, त्याने सर्वांत जाचक मानली. पुढे सोळाव्या शतकात येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने आत्मपरीक्षणाची पद्धत घालून दिली: दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, थांबून आधी कृतज्ञता व्यक्त करायची, मग घडलेल्या दिवसाचा प्रामाणिक आढावा घ्यायचा आणि क्षमा मागून पुढच्या प्रहराकडे वळायचे. सामान्य संसारी माणसाला पेलेल अशी ही पद्धत आहे आणि तिचा प्रसार व्हायला हवा तितका मराठी मंडळींत झालेला नाही.

याच येशूसंघाचा फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ राचोल येथे छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्यांच्या जागी त्यांच्या भाषेत काहीच नव्हते. ही पोकळी ओळखून त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ रचला. भुकेल्या मनाला जागे राहा असे सांगणे व्यर्थ असते, हे जाणणारा तो धर्मगुरू होता.

रायगडच्या किनाऱ्यावर याला जोडून कोर्लईचा विचार करावा लागतो. १७४० मध्ये चौल आणि कोर्लईचा किल्ला मराठ्यांकडे गेल्यानंतर ख्रिस्ती असण्याला राजाश्रय उरला नाही, तरीही किल्ल्याखालच्या गावातील ख्रिस्ती समाजाने श्रद्धा टिकवली आणि पोर्तुगीज व मराठीच्या मिश्रणातून घडलेली स्वतःची बोलीही आजवर जपली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, उपासना लोकभाषेत होऊ लागली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या पाठ असलेली प्रार्थना अर्थ समजून म्हणण्याची संधी अशा मंडळ्यांना मिळाली. परंपरा श्रद्धेला वाहून नेते यात शंका नाही; परंतु नुसती परंपरा माणसाला जागे करीत नाही, त्यासाठी प्रत्येक पिढीला स्वतः डोळे उघडावे लागतात.

मराठी मुलखातील जागृतीचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र केडगावच्या मुक्ती सदनाचे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुलींसाठी ही वसाहत वाढली, आणि १९०५ च्या आरंभी त्यांनी तेथे नियमित प्रार्थनेसाठी स्त्रियांना बोलावले तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनअखेर त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली होती आणि रडून पापनिवेदन करणे, रात्र-रात्र प्रार्थना करणे अशा प्रकारांनी सारी वसाहत ढवळून निघाली. या भावनावेगाबद्दल त्या काळीही टीका झाली, आणि भावना हीच जागृती मानली तर ती टीका योग्यच ठरली असती. मुक्तीची जागृती तपासायची ती तेथील शेतीत, शाळेत, मुलीच खिळे जुळवीत त्या छापखान्यात आणि आंधळ्या स्त्रियांना दिलेल्या शिक्षणात. रमाबाईंनी स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, एकुलत्या एका मुलीच्या, मनोरमाबाईंच्या, १९२१ मधील मृत्यूनंतरही ते काम थांबू दिले नाही, आणि ते हातावेगळे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. ते भाषांतर १९२४ मध्ये मुक्ती सदनातून प्रसिद्ध झाले.